टेस्ला के८०, बॉइंक आणि माझे सात आठवडे

एनव्हिडियाच्या टेस्ला के८०सारखं जुनं सर्व्हरचं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून हात शिवशिवत असतील, तर पैसे देण्याआधी आपल्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘अबव्ह फोर जी डिकोडिंग’, म्हणजे पहिल्या ४ जीबीच्या पलीकडचे मेमरीचे पत्ते वाटण्याचा, पर्याय आहे का ते बघा. मी नंतर बघितलं.

घरच्या मशीनचा रिकामा वेळ विज्ञानाच्या प्रकल्पांना देणारा बॉइंक हा प्रोग्राम मी बरीच वर्षं चालवतोय. मार्च २०२० मध्ये परग्रहवासीयांचे संदेश शोधणाऱ्या सेटी ॲट होमने काम वाटणं थांबवलं, तेव्हा आपल्या आकाशगंगेचा अभ्यास करणाऱ्या मिल्कीवे ॲट होमकडे वळलो. तिथल्या गणिताला डबल प्रिसिजन (दुप्पट अचूकतेचा हिशेब) लागायची आणि बहुतेक गेमिंगची कार्डं नेमकी तिथेच लंगडतात. साध्या हिशेबाचा जो वेग, त्याच्या बत्तिसाव्या, कधी चौसष्टाव्या हिश्श्यावर येतात. के८० एक तृतीयांश वेग देतं. एका कार्डावर दोन चिप, प्रत्येकीला १२ जीबी मेमरी. एप्रिल २०२३ च्या शेवटी एका जुन्या सर्व्हर विकणाऱ्याकडून साडेसात हजारांत उचललं आणि घरी येईपर्यंत मी हवेत होतो.

लावलं. मशीन सुरू झालं, लिनक्सच्या यादीत कार्डाच्या दोन ओळी व्यवस्थित दिसल्या. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणे, एकही डिव्हाइस सापडलं नाही. अरे, समोर तर आहे!

ड्रायव्हर पाच वेळा काढून घातला. (४७० मालिकेचाच घ्या. त्यापुढच्या ड्रायव्हरांनी के८०च्या, म्हणजे केप्लर पिढीच्या, कार्डांना रामराम केलाय.) पाचव्यांदाही तेच, तेव्हा कर्नलचा लॉग (लिनक्सच्या गाभ्याची नोंदवही) उघडला. त्यात एक ओळ होती: ‘बार वन इज झीरो एम’.

या एका ओळीने माझा मे महिना खाल्ला. कार्ड मशीनकडे मेमरीच्या पत्त्यांची जागा मागतं, तिलाच ‘बार’ म्हणतात. के८०ची प्रत्येक चिप १६ जीबी मागते, म्हणजे दोघींचे मिळून ३२. आणि माझा बायोस सगळे पत्ते पहिल्या ४ जीबीच्या आतच वाटत होता. वन रूम किचनमध्ये अख्खं वऱ्हाड उतरवायचं म्हटल्यावर काय होणार? बायोसने जागा शून्य दिली आणि हात झटकले.

बायोसमध्ये तो पर्याय कुठेच नव्हता. बोर्डच्या कंपनीला मेल टाकली. चार दिवसांनी उत्तर: कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. बोर्डला लांब स्लॉट एकच आहे, हे त्यांच्याच माहितीपत्रकात छापलंय. परत लिहिलं. मग: विंडोज अपडेट करा. मी पहिल्या ओळीतच लिनक्स लिहिलं होतं. तिसऱ्या मेलला उत्तर आलं की हे कार्ड आमच्या यादीत नाही, सबब तक्रार बंद. त्या ‘सबब’ने माझं डोकं अजून तापतं.

शेवटी वैतागून त्यांच्या डाउनलोडच्या पानावरच्या बायोसच्या सगळ्या आवृत्त्या एकेक करून वाचल्या. शेवटच्या आवृत्तीपुढे फक्त ‘स्थिरता सुधारली’ एवढंच लिहिलेलं. म्हटलं घालून बघू. त्या दिवशी गुरुवार, आणि आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. बायोस भरताना मध्येच गेली असती तर बोर्डाचा दगडच झाला असता. शुक्रवारपर्यंत थांबलो, शेजारच्या काकांचा यूपीएस मागून आणला. तरी पर्याय दिसेना. मग कळलं की आधी ‘सीएसएम’ (मशीन जुन्या पद्धतीने सुरू करण्याची सोय) बंद करायचं, तेव्हा तो उगवतो. सीएसएम बंद केल्यावर जुन्या पद्धतीने घातलेलं लिनक्स सुरूच होईना, ते पुन्हा टाकलं. रात्री पावणेदोनला दोन्ही चिप दिसल्या. एकट्यानेच टाळी वाजवली.

तो जूनचा तिसरा आठवडा. त्याच आठवड्यात मिल्कीवेचं जीपीयूचं (ग्राफिक्स कार्डाचं) काम संपलं, मागे राहिलं ते सीपीयूचं (प्रोसेसरचं). हसावं की रडावं!

कार्ड आता बॉइंकवरच्याच आइन्स्टाइन ॲट होम या प्रकल्पाला दिलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीच्या नोंदींमधून ते पल्सार (गरगर फिरत रेडिओलहरी सोडणारे मृत तारे) शोधतं. (नारायणगावजवळ जीएमआरटी या आपल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या उभ्या असताना माझं कार्ड तिकडचं आकाश चाळतंय, याची मला उगाच गंमत वाटते.) डबल प्रिसिजनसाठी घेतलेलं कार्ड तिथे काही फार चमकत नाही, हेही सांगायला हवं.

राहिलेलं सांगतो. कार्डाला स्वतःचा पंखा नसतो, सर्व्हरमधल्या वाऱ्यावर ते जगतं. मी मागे ब्लोअर बसवला, तर आई म्हणाली, “अरे, घरात पिठाची गिरणी टाकलीस का?” प्रत्येक चिपला १४९ वॉट मिळतात, ते मी ११० वर बांधले. कामाच्या वेगात मला फारसा फरक जाणवला नाही, आवाज मात्र बराच उतरला. रात्री आठ तास चालवलं तर महिन्याला पन्नासेक युनिट नुसतं कार्डच खातं. मॉनिटर लावायला त्यावर जागाच नाही, म्हणून प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवंच.

आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं: त्याचा आठ पिनांचा सॉकेट ग्राफिक्स कार्डाचा नाही, प्रोसेसरच्या केबलचा आहे. दिसायला सारखाच, पण बारा व्होल्ट आणि ग्राउंड उलटे. ग्राफिक्सची केबल जात नाही म्हणून दाबून बसवू नका. मी अर्धी दाबली होती.