हेतूंच्या वहीत न मावलेली मावशी

वसईतल्या आमच्या चर्चच्या कार्यालयात मी नोंदी ठेवतो. दाखले लिहिणं एवढंच काम असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. पण स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, नोंदवहीत माणूस आयुष्यभर परतत राहतो. दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करणारा संस्कार झाला, लग्न झालं, की मूळ नोंदीच्या समासात ते चढवायचं. लग्न दुसरीकडे झालं तर तिथल्या चर्चने कळवायचं असतं. बरेचदा कळवत नाहीत, आणि पुढे कुणाच्या लग्नाच्या ऐन घाईत भोग आमच्या वाट्याला येतो.

मृत्यूची नोंद सरळ असते. नाव, वय, पती किंवा वडील, अखेरचे संस्कार, दफन. गेल्या पावसाळ्यात फुलं विकणाऱ्या मावशी गेल्या, त्यांची ओळ मी हां हां म्हणता लिहिली.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडलं तर दारात माणसं उभी. सगळ्यांना मावशींसाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरचा प्रार्थनाविधी, हवी होती. मिस्सा कुणासाठी किंवा कशासाठी, तो तिचा हेतू; एका मिस्सेला देणगीचा एकच हेतू घ्यायचा, असा नियम. अनेकांचे हेतू एकत्र घेऊन सामुदायिक मिस्सा ठेवता येते, पण तीही मोजकीच. त्यामुळे हेतूंची वही आधीच भरलेली असते. साधारणपणे एखाद्या मृतासाठी घरचेच येतात. इथे घरचं कुणीच नव्हतं. रिक्षावाला, दोन नर्स, दारू सुटलेला एक गृहस्थ. प्रत्येकाला वाटत होतं, मावशींनी केलेलं फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

मग वेदीची कपाटं सांभाळणाऱ्या सिस्टर आल्या. त्यांचा प्रश्न वेगळाच: "आता कपडे कोण धुणार?"

वेदीवरची वस्त्रं मावशी धूत, हे मला माहीत होतं. कशी, ते सिस्टरांनी सांगितलं. प्याला पुसायचे रुमाल आधी हाताने खळबळायचे आणि ते पहिलं पाणी मोरीत न सोडता मातीत ओतायचं, कारण त्यात ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे मिस्सेत अर्पण केलेल्या भाकर-द्राक्षरसाचा, अंश असू शकतो. रुमालांना खळ नाही, नाहीतर ते टिपून घेत नाहीत. प्याल्याखालच्या चौकोनी वस्त्राला मात्र कडक खळ. त्याची घडी दोन्हीकडून तीन-तीन पदरी, आतल्या बाजूला, म्हणजे उलगडल्यावर नऊ चौकोन दिसतात आणि कण सांडत नाहीत. पहाटेच्या लोकलने दादरला फुलं विकून आलेली बाई दुपारी हे करत होती. वर्षानुवर्षं. सणाच्या दिवशी आम्ही देणगीदारांची नावं वाचून वाचून लोकांना ताटकळत ठेवतो. त्यात मावशींचं नाव एकदाही नव्हतं. हे मला सहन होत नाही.

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रूसावर गेले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. त्यांचा मला अभिमान आहे, आणि संत ठरवण्याच्या प्रक्रियेतली काटेकोर चौकशी हवीच असंही वाटतं. पण मावशींची चौकशी कोण मांडणार? साक्षीदार तर माझ्या टेबलासमोर रांगेत उभे होते.

दुपारी दादरच्या फूलबाजारातले एक व्यापारी आले. हिंदू, सत्तरीचे. त्यांची पत्नी परळला इस्पितळात होती, तेव्हा मावशी टोपली रिकामी झाली की डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसत. "तुमच्यात गेलेल्या माणसासाठी जे करतात ते करा," म्हणाले. "मला येऊन बसता येईल ना?"

फादरना विचारलं. ते म्हणाले, "घ्या की, आणि त्यांना पुढे बसवा."

तारखा पुरेनात, तेव्हा फादरनी एक सामुदायिक मिस्सा ठरवली. हेतू देणाऱ्यांची नावं वाचायला वेळ लागेल, 'सर्व हितचिंतक' म्हणू, असं त्यांचं मत आहे. मी अजून मानलेलं नाही. दर रविवारी त्यांना तेच सांगतो: देणगीदारांची नावं वाचायला वेळ मिळतो, तर हीही सगळी वाचू या, दादरच्या काकांच्या नावासकट.