कसबा कुणाचा, हे मला विचारू नका

‘तुम्ही पुण्याच्या कसब्यातले ना? मग 2023 च्या पोटनिवडणुकीत तुमच्याकडे भाजप पडलाच कसा?’ नातेवाइकांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. 2024 नंतर त्यात भर पडली, ‘आणि लगेच परत कसा आला?’ विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं: भाजपच्या आमदार मुक्ता टिळक गेल्या, तर त्यांच्या घरात तिकीट दिलं नाही, ब्राह्मण नाराज झाले. मी फक्त मान डोलवायची.

मी तांबट आळीतला. कसबा पेठेत तांबट आहेत, कुंभार आहेत, शिंपी आहेत. मतदारसंघाचं नाव आमचं, पण टीव्हीवाले कॅमेरा लावतात सदाशिव-नारायण पेठेत. तिथली नाराजी खरी होती, नाही कशाला म्हणू? पण पूर्वेकडच्या पेठांत माणसं राहतच नाहीत असं धरून चाललं, की असली सोपी उत्तरं सुचतात.

बरं, ‘बालेकिल्ला’ म्हणता, तर 1991 च्या पोटनिवडणुकीत याच कसब्यानं भाजपच्या गिरीश बापटांना पाडलं होतं. 1995 पासून तेच बापट पाच वेळा निवडून आले. का? आमच्या आळीत विचाराल तर पक्षाआधी माणसाचं नाव घेतील. बारशाला यायचे, मयतीला यायचे. रवींद्र धंगेकरही त्याच जातकुळीचे. 2009 ला ते मनसेकडून लढले आणि बापटांना घाम फोडला. 2023 ला काँग्रेसकडून दहा हजारांहून जास्त मतांनी आले. तेव्हा भाजपच्या ज्या हेमंत रासनेंना हरवलं होतं, त्यांच्याकडूनच 2024 ला एकोणीस हजारांनी पडले. पुढच्या वर्षी शिंदेंच्या शिवसेनेत. आता यात आमचा ‘कल’ शोधून दाखवा.

आणि 2023 ला मतदान झालं जेमतेम निम्मं. उरलेल्यांचा कल कुणी मोजला?

शनिवारवाड्याजवळ मामांचा वाडा आहे. संरक्षित वास्तूच्या 100 मीटरांत नव्या बांधकामाला बंदी, हा केंद्राचा कायदा. भिंतीला टेकू लावून मामा राहतात. दर निवडणुकीला दोन्ही बाजूंचे येतात, टेकू बघतात, ‘दिल्लीत बोलतो’ म्हणतात. मामा दोघांनाही चहा पाजतात. घरपट्टीतली 40 टक्के सवलत गेली होती, ती मात्र पोटनिवडणुकीचा निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांत परत मिळाली. मामांनी त्यातून काय तो धडा घेतला. मी तो इथे लिहीत नाही.

खरं तर मला या प्रश्नाचा राग येतो त्याचं कारण वेगळं आहे. एका निकालानंतरची गोष्ट. कुठल्या, ते सांगत नाही, कारण साल सांगितलं की पक्ष कळेल, आणि असली माणसं सगळीकडे आहेत.

आमच्या मंडळातलाच एक कार्यकर्ता. माझ्या आईला खांदा दिलेला. दिवाळीत फराळाचं ताट त्याच्याकडे आधी जायचं. निकालानंतर आठवड्याभरानं तो दुकानात आला. हातात बूथवार आकड्यांचा कागद, आमच्या बूथच्या ओळीवर पिवळा मार्कर. बाबा घंगाळ मठारत होते. हा उभ्यानंच म्हणाला, ‘काका, या बूथवर आपली किती घरं आहेत ते मला पाठ आहे. आकडा जुळत नाही.’

बाबांनी हात थांबवला नाही. ‘बस की. चहा सांगतो.’

‘चहा नको. एवढंच सांगा, आपल्या घरातली चार मतं कुठं गेली?’

मी मध्ये पडलो, मत गुप्त असतं वगैरे शाळेतलं बोललो. तो माझ्याकडे बघेचना. बाबांनी हातोडी खाली ठेवली, घंगाळ उलटं करून बुडावर हात फिरवला आणि म्हणाले, ‘हिच्या वेळी तू आलास, तेव्हा मी तुला विचारलं होतं का, कुणाचा म्हणून आलास?’

तो गेला. कागद तिथंच राहिला. त्या गणपतीत तो वर्गणीला आला नाही, दुसरा पोरगा आला. आजही समोरून येताना दिसला की मोबाइल कानाला लावतो.

बाबांनी मत कुणाला दिलं, हे मलाही माहीत नाही. इतकी वर्षं मी सांगत आलो, की आमच्याकडे माणूस बघून मत देतात, म्हणून इथलं राजकारण घरगुती आणि बरं. त्या दिवसापासून ते तसं छातीठोक म्हणवत नाही. खांदा दिला म्हणून मत, तर मत नाही म्हणून ओळख नाही, हा त्याचाच पुढचा हिशेब असेल का? मग नुसतं चिन्ह बघून बटण दाबणारे परवडले म्हणायचे! पण तेही पटत नाही. बापट मयतीला यायचे ते मतांसाठी, असं आळीत कुणी म्हणालं तर आजही मीच भांडेन.

तेव्हा कसब्याचा कल विचारायचाच असेल तर माझ्या धाकट्या भावाला गाठा. तो कधीच धायरीला राहायला गेला, नाव अजून इथल्या यादीत. त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. फ्लॅट लांब, नाव पेठेत. मतदानाच्या दिवशी येतो, बोटाला शाई लावून घेतो, मिसळ खातो आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून आम्हालाच शिव्या घालून जातो.