पितळी वाघिणी आणि चिपळूणचं पाणी : आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून अण्णांच्या वेळचीच अक्षरं आहेत : 'कल्हई, डाग, झाळकाम'. ती मी बदललेली नाहीत. बाजारपेठेत पातेलं घेऊन आलेला माणूस आत डोकावतो, तर टेबलावर अमेरिकन बॉक्सकार, म्हणजे मालगाडीच्या बंद डब्याची छोटी प्रतिकृती, उताणी पडलेली असते आणि तिच्या बोगी, म्हणजे चाकांचे गाडे, शेजारी बशीत. त्यालाही आम्ही कल्हई करून देतो. पण घर चालतं ते अशा पितळी मॉडेल वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, दुरुस्तीवर, आणि हे गेली बावीस-तेवीस वर्षं चाललं आहे.

अण्णांनी मला एकच गोष्ट नीट शिकवली. कथील ऊब असेल तिकडे धावतं. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने पसरायचं. भांडं कमी तापलं तर कथील गोळा होऊन बसतं, जास्त तापलं तर पिवळं पडतं. वाघिणीच्या अंगावर 0.3 मिलिमीटर तारेचा हातकडा (डब्यावर चढताना धरायची कडी) बसवताना याहून वेगळं काही नसतं. फक्त शेजारी आणखी चाळीस डाग, म्हणजे झाळलेले सांधे, आधीच बसलेले असतात, आणि त्यातला एकही सुटता कामा नये.

स्टेनलेस स्टील घराघरात आलं आणि कल्हईचा धंदा बसला. 1998 साली कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली, तेव्हा मी बहुतेक रिकामाच होतो. पुढच्या वर्षी रोरो सुरू झाली. सपाट वाघिणींवर ट्रक चढवून नेतात हे पाहायला मी सायकल मारत स्टेशनवर जायचो. त्यातल्या बीआरएन प्रकारच्या सपाट वाघिणीच्या कडेचे खुंटे मी पत्र्यात करून पाहिले, आणि ते अण्णांनी दुकानात दर्शनी ठेवले. त्या खुंट्यांनीच पुढचं सगळं घडवलं, कारण 2003 साली चीफकाकांनी ते पाहिले.

चीफकाका दापोलीकडचे, मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते. तरुणपणी बोट योकोहामाला लागली की टोकियोला जायचं, गिंझातल्या तेनशोदो या मॉडेल रेल्वेच्या दुकानात उभं राहायचं आणि जमेल तशी एखादी वाघीण घ्यायची, असा त्यांचा नेम. अमेरिकन आयातदार जपानी कारखान्यांकडून ही पितळी मॉडेलं करून घेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ते काम हळूहळू कोरियाकडे सरकलं. काकांकडे बहुतेक माल जपानी, एचओचा, म्हणजे खऱ्याच्या 1:87 मापाचा. त्यांनी सागवानी पेटी उघडली तेव्हा अकरा वाघिणी आपापल्या खोक्यात फोमला चिकटून बसल्या होत्या. फोमचा काळपट चिकट गूळ झालेला. तो लॅकरमध्ये उतरलेला, रिपिटांच्या रांगांत भरलेला.

"साफ होईल का रे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि पहिल्याच वाघिणीला चूक केली. घरात पितळेची समई जशी घासतो तशी एक गोंडोला (वरून उघडी वाघीण) रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवली. सकाळी ती गुलाबी झाली होती. अण्णांनी ती उजेडात धरली, फिरवली आणि म्हणाले, "अरे, जस्त खाल्लंस तू तिचं." मी दापोलीला जाऊन काकांना ती दाखवली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ही अशीच राहू दे. बाकीच्या दहा घे आणि सावकाश कर." या धंद्याचं पहिलं भांडवल म्हणून मी त्या वाक्याकडे बघतो. म्हणून सांगतो, चिंच, लिंबू, आमसूल समईला ठीक आहे, मॉडेलला नाही. जुना लॅकर थिनरने काढा, मग कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. अल्ट्रासॉनिकचं भांडं असेल तर उत्तम, पण दोन-दोन मिनिटांनी बाहेर काढून पाहा. कारखान्यात कच्चा राहिलेला डाग त्यात हमखास सुटतो.

त्या दहा वाघिणींना चौदा महिने लागले. रेझिस्टन्स सोल्डरिंगचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाने नेमका सांधाच तापवणारा, संच विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुन्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर लोट्याच्या एमआयडीसीतल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून जाड तारेने पुन्हा गुंडाळून घेतला. व्होल्ट तीन-चार, अँपिअर भरपूर. चिमट्याच्या टोकांना जुन्या बॅटरीसेलमधल्या कार्बनच्या कांड्या, आणि चालू-बंद करायला शिलाई मशीनच्या मोटरचा पायाचा पॅडल. चिमटा आधी टेकवायचा, मग पाय दाबायचा, कथील चमकलं की पाय उचलायचा आणि डाग गोठेपर्यंत चिमटा हलवायचा नाही. शेजारच्या डागांवर ओला कापूस. डोळ्याला घड्याळजीचं भिंग. आता चांगला संच आहे, पण बारीक कामाला माझा हात अजून त्या जुन्याकडेच जातो.

काका नुसते गिऱ्हाईक नव्हते, परीक्षक होते. एक बॉक्सकार त्यांनी दोनदा परत पाठवली. डब्यावरच्या बांधणीच्या तारखेप्रमाणे तिला एबी नावाच्या नव्या पद्धतीचा हवेचा ब्रेक हवा होता, म्हणजे सिलिंडर, झडप आणि हवेची टाकी असे तीन वेगळे नग आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या. मी खाली जुन्या के पद्धतीचा एकच गठ्ठा ठेवला होता. अमेरिकेत 1933 पासून नव्या डब्यांना एबी आला, हे त्यांनी मला पोस्टकार्डावर चित्र काढून समजावलं. छतावरच्या चालायच्या फळीचंही तसंच : 1966 नंतर नव्या बॉक्सकारना ती घालायची सक्ती उरली नाही. सुटे भाग सुंदर दिसतात म्हणून सगळे लावत सुटू नका. आधी साल ठरवा.

दुसरं, बोगी फिरवून बसवू नका. पितळी वाघिणीत चाकाची एकच बाजू इन्सुलेटेड असते आणि दोन्ही बोगींत ती एकाच रुळाकडे हवी. एक बोगी उलटी बसली की एका रुळाची वीज सांगाड्यातून दुसऱ्या रुळाला मिळते आणि अख्खा लेआउट, म्हणजे मॉडेल रुळांची मांडणी, बंद पडतो. पुण्याच्या एका गृहस्थांनी याच कारणासाठी नवा कंट्रोलर घेतला होता. मी बोगी फिरवून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

2006 पासून पुढची वर्षं बरी गेली. काम येत होतं, जात होतं. अण्णा गेले. काकांच्या ओळखीने मुंबई, पुणे, बंगळूरहून पार्सलं येऊ लागली.

आता पुराचं सांगायलाच हवं, कारण आमच्याबद्दल जे बोललं गेलं ते त्यावरूनच.

26 जुलै 2005 च्या पाण्याची रेघ आमच्या भिंतीवर होती. तिच्या दोन हात वर मी फळ्या ठोकल्या होत्या आणि गिऱ्हाइकांचा माल कायम तिथेच ठेवत असे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी त्या फळ्यांच्याही वर गेलं. पहाटे मी आणि बायको माडीच्या जिन्यात उभे होतो. खाली अंधारात खोकी छताला आपटल्याचा आवाज येत होता. नऊ गिऱ्हाइकांच्या एकतीस वाघिणी त्या पाण्यात होत्या.

पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर गाळ होता. वीज नाही, नळाला पाणी नाही. पण एक गोष्ट मला ठाऊक होती : गाळ वाळू द्यायचा नाही. तो रिपिटांमध्ये एकदा वाळला की ओरखडे पाडल्याशिवाय निघत नाही. मागच्या आळीतल्या विहिरीचाही गढूळ काढा झालेला, म्हणून बायकोच्या माहेरून, डोंगराच्या अंगाच्या गावातून, कॅनने पाणी आणलं. सापडेल ती वाघीण आधी बादलीत. मग पोलादी स्क्रू आणि चाकांचे आस काढून घ्यायचे, ते दोन दिवसांत गंजतात. पितळ दम धरतं, पोलाद धरत नाही. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरचं. डिकॅल (डब्यावर चिकटवलेली अक्षरं-आकडे) सगळे गेले होते, लॅकर दुधासारखा पांढरा झाला होता. काही डब्यांत वजनासाठी शिसं पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं होतं, ते आधीच फुगून खालचा पत्रा उचलू लागलं होतं. (शिसं इपॉक्सीनेच चिकटवा. आम्ही हर्णैहून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणून चपट्या करतो. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओला 1 औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे साडेपाच इंची डब्याला साधारण 106 ग्रॅम.)

दापोलीचा रस्ता सुरू झाल्यावर चीफकाका एसटीने आले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या स्वतःच्या तीन वाघिणी बादलीत होत्या, पण त्यांनी आधी दुसऱ्याची उचलली. पाच दिवस स्टुलावर बसून टूथब्रशने एकेक कोपरा धूत होते. जाताना तीन कामांचे पैसे आगाऊ ठेवून गेले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "इंजिनरूममध्ये पाणी शिरलं की आधी पंप चालू करतात, हिशेब मागाहून."

एकतीसपैकी एकोणतीस वाघिणी मिळाल्या. काउंटरवर ठेवलेल्या दोन कबूज (गार्डचे डबे) वाहून गेल्या, त्या आठ दिवस गाळ उपसूनही सापडल्या नाहीत. त्यांची मालकांनी सांगितली ती किंमत मी दिली, घासाघीस न करता, दोन हप्त्यांत.

मी एक काम सरळ मनाने केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या वाघिणीचा चिखलातला फोटो पाठवला. तुमचा माल या स्थितीत आहे, इतका वेळ लागेल, हे लपवायचं नाही असं ठरवलं होतं. त्यातला एक फोटो फिरत फिरत एका माणसाकडे गेला. त्याचं नाव इथे घेणार नाही. तो चार वर्षं आमच्या टेबलावर काम शिकला, आमच्या घरी जेवला, चिमटा धरायला मी त्याला शिकवलं. शहरात जाऊन त्याने स्वतःचं दुकान टाकलं याचं मला कधीच वाईट वाटलं नव्हतं. पण त्याने तो फोटो पुढे पाठवला आणि खाली लिहिलं की चिपळूणला दिलेला माल बघा, वीसेक वाघिणी गेल्या, उरलेल्या चिखलातल्या पॉलिश करून विकताहेत.

वीस नव्हे, दोन. आणि विकली एकही नाही. हे मी तेव्हा तीन जणांना फोनवर सांगितलं, तिघांनीही अर्धवट धुतलेल्या वाघिणी कुरियरने परत मागवल्या. त्यानंतर अकरा महिने नवं पार्सल आलं नाही. बायकोच्या बांगड्या बँकेत गेल्या. मी पुन्हा कल्हईला बसलो, पुरानंतर लोकांची भांडीही खराब झाली होती, तेवढ्यावर घर चाललं. त्या दिवसांत अण्णांची पाटी काढली नव्हती याचं मला फार बरं वाटलं.

2023 मध्ये त्या तिघांपैकी एक गृहस्थ स्वतः गाडी घेऊन आले. त्यांची बाल्टिमोर अँड ओहायो या अमेरिकन रेल्वेची वॅगनटॉप बॉक्सकार होती. जाणकारांना ठाऊक आहे, या डब्याचं सगळं सौंदर्य त्याच्या बाहेरच्या बरगड्यांत. बाजूचा पत्राच वळून छत होतो आणि बरगड्या त्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात. ती शहरात बफिंग मोटरवर धरली गेली होती. आरशासारखी चमकत होती, आणि बरगड्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. एका बाजूची रिपिटं नखाला लागत नव्हती. मॉडेलवरची रिपिटं पत्रा सुटा असताना आतून ठोकून उठवलेली असतात. डबा जोडल्यावर ती परत उठत नाहीत. आम्ही रेझिनच्या उठावदार रिपिटांचे डिकॅल लावले, बरगड्यांच्या कडा पितळी पट्टीने नव्याने बांधल्या आणि रंगाखाली झाकलं. दोन फुटांवरून कळत नाही. भिंगाखाली मला कळतं, आणि आता त्यांनाही. आमच्याकडे अर्धवट धुतलेल्या अवस्थेत तिची रिपिटं शाबूत होती. तो फोटोही माझ्याकडे आहे, तारखेसकट. पण तो मी कुणाला पाठवला नाही.

आता कारखाना माडीवर आहे. खाली फक्त कल्हई. रंगाचं काम जून ते सप्टेंबर बंद, कितीही घाई सांगितली तरी. दमट हवेत लॅकर वाळताना पांढरा धुरकट पडतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली लावली तरी खोलीतली हवा तीच असते. पावसात आम्ही डाग, तारा, ब्रेकच्या नळ्या एवढंच करतो. रंग ओव्हनमध्ये भाजायचा तर 70 अंशांच्या खालीच राहतो. साधं कथील-शिसं 183 ला सुटतं हे खरं, पण आधीच्या माणसाने कमी तापमानाचं सोल्डर कुठे वापरलंय हे सांगता येत नाही, आणि ते 70 लाही सुटतं. तुम्ही घरी करत असाल तर नुसतं उन्हात वाळवा. आणि माल पाठवताना जुना फोम आधी काढा. ॲसिड-फ्री कागदात गुंडाळा, नाहीतर धुतलेल्या जुन्या सुती धोतरात. आमच्याकडे निम्मी खोकी धोतरातच परत जातात.

काकांना आता प्रवास होत नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाने एक खोकं आणून दिलं. आत ती गुलाबी गोंडोला होती, 2003 ची, तशीच. सोबत काकांच्या अक्षरात पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या डब्याचे क्रमांक, बांधणीचं साल आणि ब्रेकचं चित्र. हिला आता रंग द्यावा असं त्यांनी लिहिलं आहे. बोगी सोडवून ठेवल्या आहेत, एका शिडीचा डाग सुटला होता तो बसवला. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की प्रायमर मारेन.