टँकरचं पाणी आणि माझे टेट्रा

सकाळी चहा टाकायच्या आधीच माशांच्या टाकीकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. सगळे निऑन टेट्रा वर येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकत होते. एकाचा लाल पट्टा पार फिका पडलेला.

चूक माझीच. काल सोसायटीत टँकर आला आणि मी उत्साहाच्या भरात टाकीतलं निम्मं पाणी बदललं. क्लोरीन मारायचे थेंब घातले, तापमान पाहिलं. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते? छे! आमचं खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ. टँकरचं मात्र बोअरचं, बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारं. पीएच तपासायच्या किटची नेहमी हिरवट होणारी नळी आज गर्द निळी. जास्त पीएच मोजणाऱ्या दुसऱ्या किटवर आकडा ८.२!

त्यात परवाच फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून 'स्वच्छ' केला होता. म्हणजे माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणूही गटारात. पीएच ७ ला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, फारसा त्रास देत नाही. ८ ला त्याचा विषारी भाग जवळपास दहापट होतो.

पुन्हा निम्मं पाणी बदलायला हात शिवशिवत होते. पुन्हा एकदम बदल नको म्हणून आवरले. पिंपातलं साठवलेलं नळाचं पाणी हवेच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब सोडलं, चार तास. खाणं बंद. एक गेला. बाकीचे संध्याकाळी झाडांत परतले.

आई स्वयंपाकघरातून: "माशांना नळाचं आणि आम्हाला टँकरचं का रे?"