ओल्ड मिस्टिकमधलं सफरचंदांचं गुऱ्हाळ

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ओल्ड मिस्टिकला, वाफेच्या इंजिनावर चालणारी सायडरची म्हणजे सफरचंदाच्या रसाची जुनी गिरणी पाहायला जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला शनिवार किंवा रविवारच गाठा. आम्ही पहिल्यांदा आठवड्याच्या मधल्या वारी गेलो. सायडर प्यायलो, डोनट खाल्ले, पण इंजिन बंद होतं. यंदा मुद्दाम रविवार साधला.

बी. एफ. क्लाइड यांनी १८८१ साली सायडर गाळायला सुरुवात केली. आताची गिरणी १८९८ची. घराणं तेच, आता सहावी पिढी राबते आहे. पूर्वी या भागात गावोगावी अशा गिरण्या असत. शेतकरी गाडीभर सफरचंदं आणायचे आणि पिंपं भरून रस न्यायचे, अगदी आपल्या गुऱ्हाळासारखं. पुढे वीज आली आणि वाफेची इंजिनं भंगारात गेली. इथलं मात्र अजून चालतं, म्हणून १९९४ साली अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संघटनेनं या गिरणीला ऐतिहासिक वारशाचा मान दिला.

बॉयलर तापला, पट्टा फिरू लागला आणि पायाखालची फळी थरथरली. सफरचंदं दळली जाऊन लगदा खाली कापडावर पडतो. माणसं कापडाच्या कडा दुमडतात, वर लाकडी चौकट ठेवतात, त्यावर पुन्हा कापड, पुन्हा लगदा. थरांच्या या चवडीला तिथे ‘चीज’ म्हणतात. मग न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजहून आणलेलं जुनं स्क्रूचं दाबयंत्र हळूहळू आवळत जातं आणि चहूबाजूंनी तपकिरी रस झरू लागतो. उरलेल्या चोथ्याचा आंबूस-गोड वास आला आणि मला थेट कोल्हापूरची चिपाडं आठवली. तिथून माझा पाय निघेना.

एक महत्त्वाचं. अमेरिकेत नुसतं ‘सायडर’ म्हणजे न आंबवलेला, गढूळ, गोड रस. ‘हार्ड सायडर’मध्ये मद्य असतं आणि इथे तेही विकतात, त्यामुळे मुलांसाठी घेताना लेबल नीट वाचा. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर रस जंतुमुक्त केलेला आहे ना, हेही विचारून घ्या.

गाळण्याच्या वेळा निघण्याआधी तपासा आणि थोडं लवकर पोहोचा, पुढे उभं राहायला मिळतं. शेजारच्या मिस्टिक गावात अॅमट्रॅक रेल्वेचं स्टेशन आहे, पण गिरणी तिथून काही मैल आत असल्यानं गाडी असलेली बरी. उरलेला दिवस मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयाला द्या. १८४१चं ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे व्हेलशिकारीचं जहाज तिथेच आहे. गिरणी मात्र आधी करा आणि डिकीत बर्फाची पेटी ठेवा, रस उन्हात लगेच आंबतो.