बाळंतपणं किती?

आज पाठदुखीसाठी मिरजेला दवाखान्यात गेले होते. सिस्टरनं लिहिता लिहिता विचारलं, "बाळंतपणं किती?" दोन. "मुलं?" एक. तिचं पेन थांबलं. मग हळूच म्हणाली, "होतं हो ताई असं कधी कधी." मी गप्पच राहिले.

बसमध्ये विश्रामबाग येईपर्यंत डोक्यात तेच. तिला वाटलं, माझं मूल गेलं. गेलं कुठं? नणंदेसाठी, अक्कांसाठी, सरोगसीनं माझ्या पोटात वाढवलं ते. कोल्हापुरात त्यांच्या मांडीवर खेळतंय, उद्या मला मामी म्हणेल. मग डोळे का भरून आले?

तेवढी तरी चौकशी आजवर कुणी केली नव्हती, म्हणून असेल.

गल्लीत विचारतात ते एकच, "किती मिळाले?" 2021 च्या सरोगसी कायद्यानं दवाखान्याचा खर्च आणि विमा सोडून काही घेता येत नाही, जन्मात एकदाच करता येतं, हे सांगून दमले.

कागद किती झाले तेव्हा! मॅजिस्ट्रेटचा आदेश, 36 महिन्यांचा विमा, शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याचा दाखला. मनाचा दाखला आधी लागला. नंतर त्या मनाचं काय झालं, हे बघायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. छाती दगडासारखी, ब्लाउज ओलाचिंब. बीज त्या दोघांचं, माझं काही नाही, हे मला तोंडपाठ होतं. छातीला कोण सांगणार? दूध आटवायच्या गोळ्या दिल्या. त्याच आठवड्यात सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळले आणि डबा भरून अक्कांकडं धाडला. बाळ तिकडं, म्हणजे बाळंतीणही तिकडंच. मला ना शेक, ना तेल. लगेच भाकरी थापायला उभी.

ह्यांनी तरी... जाऊ दे.

अक्कांवर राग नाही. त्यांनी काय सोसलं ते मी जवळून पाहिलंय. आपणहून हो म्हटलं होतं, त्याचा पश्चात्तापही नाही. पण बाळंतपण माझं झालं, ते माझ्या नावावर राहू दे ना.

रात्री सासूबाईंना सरळ म्हटलं, "आई, मीपण बाळंतीणच होते की." त्या लसूण सोलत होत्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डिंक संपलाय. उद्या गणपती पेठेतनं आण."

यादी करून ठेवलीय. डिंक, खारीक, अळीव, गूळ. खोबरं घरात आहे.