लिव्हरपूलची गाणी, लिव्हरपूलबाहेर लिहिलेली

'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' ही बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघांच्या गटाची दोन गाणी लिव्हरपूलमधल्या दोन खऱ्या जागांवर आहेत, पण दोन्ही लिहिली गेली ती लिव्हरपूलपासून दूर. जॉन लेननने 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' १९६६ मध्ये स्पेनमधल्या आल्मेरियात लिहायला घेतलं. तिथे तो एका सिनेमाच्या चित्रीकरणासाठी गेला होता. पॉल मॅकार्टनीने 'पेनी लेन' लिहिलं ते लंडनमध्ये. चौघांनी लिव्हरपूल सोडून तोवर तीन वर्षं उलटली होती. घर सुटल्यावर ते गाण्यात कसं परत येतं, हा प्रश्न माझ्या मनात फार वर्षांपासून होता, आणि लिव्हरपूलला जायचं ठरलं तेव्हा यादीत सगळ्यात वर याच जागा होत्या.

शहराच्या मध्यातून ८६ नंबरची बस स्मिथडाउन रोडने पेनी लेनकडे जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर सोडू नका. बस थांबते तो चौक म्हणजेच गाण्यातली पेनी लेन. पेनी लेन नावाचा रस्ता इथून सुरू होतो आणि तसा साधाच आहे, दोन्ही बाजूंना घरं, थोडी झाडं. गाण्यात आलेली माणसं आणि दुकानं मात्र चौकातली आहेत. शाळकरी जॉन, पॉल आणि बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन इथे बस बदलायचे, एकमेकांची वाट बघत थांबायचे. चौकाच्या मध्यभागी गाण्यातला तो बसचा निवारा अजून आहे. कोपऱ्यावरच्या बँकेची इमारत आहे. गाण्यातल्या न्हाव्याचं दुकान म्हणजे बिओलेट्टी यांचं, आणि तिथे आजही केस कापले जातात. काचेत केशरचनांचे फोटो लावलेले असत. गाण्यात त्या फोटोंचं असं काही केलं आहे, की न्हावी जणू आपण कापलेल्या प्रत्येक डोक्याचं प्रदर्शन मांडून बसला आहे.

गाण्यातलं अग्निशमन केंद्र शोधायला लागले, तर ते चौकात नव्हतंच. ते आहे बरंच पुढे, मॅदर अव्हेन्यूवर. पॉलने ते उचलून चौकात आणून ठेवलं. ऋतूंचंही तसंच. गाण्यात उन्हाळ्यातलं निळं आकाश आहे, धो धो पाऊस आहे आणि पॉपीची फुलं विकणारी नर्सही आहे. इंग्लंडमध्ये ही फुलं नोव्हेंबरमध्ये, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणासाठी विकली जातात. एकाच गाण्यात सगळं वर्ष येऊन जातं. चौकात उभं राहून गाणं ऐकलं तेव्हा मला ते फार खरं वाटलं. आपल्यालाही लहानपणचा रस्ता आठवतो तेव्हा अमुक एका दिवसाचा आठवत नाही. सगळे दिवस एकदम आठवतात.

या गाण्यातल्या तुतारीसारख्या झगझगीत तुकड्याची गोष्ट मला फार आवडते. जानेवारी १९६७ मध्ये पॉलने टीव्हीवर बाखच्या दुसऱ्या ब्रँडनबर्ग कॉन्चेर्तोचं वादन पाहिलं. त्यातला उंच सुरातला छोटा ट्रम्पेट त्याच्या डोक्यात बसला. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना त्याने विचारलं, हे वाद्य कोणतं? उत्तर होतं पिकोलो ट्रम्पेट. काही दिवसांतच, १७ जानेवारीला, तोच वादक डेव्हिड मेसन स्टुडिओत हजर होता. पॉलने सूर गुणगुणून दाखवले, मार्टिननी ते कागदावर उतरवले आणि मेसनने वाजवले. अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांना आधी पाठवलेल्या प्रतींत शेवटी ट्रम्पेटचे आणखी काही सूर होते, ते नंतरच्या ध्वनिमिश्रणात काढून टाकले गेले. त्यामुळे त्या प्रती संग्राहकांना सोन्याहून प्याऱ्या.

रस्त्याच्या नावाच्या पाट्या इतक्या वेळा चोरीला गेल्या, की एक काळ नाव सरळ भिंतीवर रंगवलं जायचं. एका पाटीवर २०१८ मध्ये पॉलने स्वतः सही केली आणि आता ती पारदर्शक आवरणाखाली आहे. २०२० मध्ये याच पाट्यांवर काळा रंग फासला गेला. हा रस्ता गुलामांचा व्यापार करणाऱ्या जेम्स पेनीच्या नावाने आहे, असा समज होता. शहरातल्या आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालयाने नोंदी तपासल्या आणि तसा संबंध दाखवणारा पुरावा मिळत नाही असं सांगितलं. लिव्हरपूलची श्रीमंती त्या व्यापारावर उभी राहिली हे मात्र खरंच आहे, आणि ते संग्रहालय उघडं असेल तेव्हा वेळ काढून जायलाच हवं (२०२५ च्या सुरुवातीला ते नूतनीकरणासाठी बंद झालं).

तिथून वुल्टन हे उपनगर. झाडी दाट होते, घरं मोठी होतात, रस्त्यावर माणसं विरळ दिसतात. बीकन्सफील्ड रोडवर लाल लोखंडी फाटक लागतं, ते स्ट्रॉबेरी फील्ड. सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने १९३६ मध्ये इथे अनाथ मुलांसाठी घर उघडलं होतं. जॉन जवळच मिमी मावशीकडे राहायचा. उन्हाळ्यातल्या जत्रेत सॅल्व्हेशन आर्मीचा बँड वाजू लागला, की तो मावशीला लवकर चल म्हणून ओढायचा. एरवी कुंपणावरून उडी मारून आत झाडीत खेळायचा. हे घर २००५ मध्ये बंद झालं. २०१९ पासून बाग आणि प्रदर्शन लोकांसाठी खुलं आहे. रस्त्यावरचं फाटक ही प्रतिकृती. जुनं, खरं फाटक आत बागेत ठेवलं आहे. त्याचा रंग जागोजागी उडालेला आहे.

या गाण्याचं ध्वनिमुद्रण हा एक किस्साच आहे. जॉनला दोन वेगवेगळे टेक, म्हणजे दोन वेगळ्या वेळी केलेली ध्वनिमुद्रणं, आवडले. सातवा टेक हलका, मेलोट्रॉनवरच्या (टेपवर भरलेले वाद्यांचे सूर वाजवणाऱ्या पेटीवरच्या) बासरीच्या सुराने सुरू होणारा. सव्वीसावा जड, ट्रम्पेट आणि चेलोंनी भरलेला. पहिल्याची सुरुवात आणि दुसऱ्याचा पुढचा भाग जोडा, असं त्याने मार्टिनना सांगितलं. अडचण अशी की दोन्हींची पट्टी वेगळी आणि लयही वेगळी. सातवा खालच्या पट्टीत आणि संथ, सव्वीसावा वरच्या पट्टीत आणि जलद. पण दोन्ही फरक एकाच दिशेचे होते, हेच नशीब. टेपचा वेग वाढवला की सूर आणि लय बरोबरच चढतात, कमी केला की बरोबरच उतरतात. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी एक टेप थोडी जलद केली, दुसरी थोडी संथ केली, आणि दोन्ही जवळजवळ एका जागी आल्या. मग कात्री.

बागेतल्या बाकावर बसून मी हेडफोन लावले आणि तो सांधा शोधला. साधारण एक मिनिटाला येतो. आधी सांगितलं नाही तर कळत नाही. एकदा कळला की मात्र प्रत्येक वेळी ऐकू येतो: जॉनचा आवाज एकदम घट्ट, थोडा घोगरा होतो, आणि मागे चेलो खोल उतरतात. वेग कमी केल्यामुळे आवाज असा झाला, आणि त्याच आवाजाने गाण्याला तो स्वप्नातला पोत दिला. तंत्राच्या गरजेतून आलेली गोष्ट गाण्याचा प्राण होऊन बसली.

फेब्रुवारी १९६७ मध्ये ही दोन्ही गाणी एकाच तबकडीच्या दोन बाजूंना निघाली. ब्रिटनमध्ये ती पहिल्या क्रमांकावर पोहोचली नाहीत. एंगलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'ने वाट अडवली. त्याच वर्षीच्या 'सार्जंट पेपर' अल्बममध्येही ती घेतली गेली नाहीत. तो निर्णय ही आपली मोठी चूक होती, असं मार्टिन पुढे म्हणत राहिले. मला ती दोघं वेगळी राहिली हेच योग्य वाटतं. एका बाजूला भर चौक, दुसऱ्या बाजूला झाडीत लपलेली बाग. आणखी गाण्यांच्या गर्दीत ही जोडी अशी दिसली नसती.

जॉनचं घर 'मेंडिप्स' आणि पॉलचं घर, २० फोर्थलिन रोड, ही दोन्ही आता ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहेत. आधी नोंदणी करून लहान गटातच जाता येतं आणि आत फोटो काढता येत नाहीत. मला ते बरंच वाटलं, कारण सगळे खरोखर बघत होते. मेंडिप्सचं पुढचं दार म्हणजे काचेचा छोटा पडवीवजा कप्पा. मावशीला गिटारचा कटकटाट घरात नको असे, म्हणून ती पोरांना तिथे पिटाळायची. त्या जेमतेम दोन माणसांच्या जागेत आवाज छान घुमतो, त्यामुळे दोघांनाही ते पथ्यावर पडलं.

पॉलचं घर नगरपालिकेचं, साध्या चाकरमान्यांसाठी बांधलेलं. भिंतींवर त्याचा भाऊ माइक याने त्या काळी काढलेले फोटो आहेत. एका फोटोत दोघं गिटार घेऊन वहीत डोकं घालून बसलेत, आणि आपण उभे असतो ती तीच खोली. 'शी लव्ह्ज यू' १९६३ मध्ये याच घरात पुरं झालं. पॉलने ते वडिलांना ऐकवलं. त्यांना आवडलं, पण त्या अमेरिकन 'ये'च्या जागी नीट 'येस' म्हणा, अशी त्यांची सूचना होती. पोरांनी ती मानली नाही आणि तोच उच्चार जगभर गेला.

दोन्ही घरांत आईची जागा रिकामी आहे. पॉलची आई मेरी १९५६ मध्ये गेली, तो १४ वर्षांचा होता. जॉनची आई जुलिया १९५८ मध्ये मेंडिप्सहून निघाली आणि जवळच मेनलव्ह अव्हेन्यूवर गाडीखाली सापडली. जॉन १७ वर्षांचा होता. दोन घरांमधलं अंतर गोल्फच्या मैदानातून पायी जाण्याइतकं. मी ते चालले. 'लेट इट बी'मधली मेरी ही अनेकांना येशूची आई वाटते, पण ती पॉलच्या स्वप्नात आलेली त्याची स्वतःची आई आहे. 'जुलिया' हे बीटल्सच्या गाण्यांतलं असं एकमेव, जे जॉनने एकट्याने गायलं आणि एकट्याने वाजवलं. ही दोन्ही गाणी पुन्हा ऐकायची असतील तर या रस्त्यावर ऐका.

वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चसमोर रस्त्यापलीकडे सभागृह आहे. ६ जुलै १९५७ रोजी चर्चच्या जत्रेत जॉनचा 'क्वॉरीमेन' हा गट वाजवत होता, आणि आयव्हन वॉन या दोघांच्या मित्राने पॉलला तिथे आणलं. जॉन शब्द विसरत होता आणि मनचे घालत होता, हे पॉलच्या लगेच लक्षात आलं. बेंजोचे कॉर्ड तो गिटारवर वाजवत होता, कारण आईने तेवढेच शिकवले होते. पॉलने मग एडी कॉक्रनचं 'ट्वेंटी फ्लाइट रॉक' सगळ्या शब्दांनिशी म्हणून दाखवलं.

चर्चच्या दफनभूमीत एक थडगं आहे, ज्याच्याजवळ बहुतेक सगळे येऊन थांबतात. शिळेवर वरच्या बाजूला जॉन रिग्बी, मग त्याची पत्नी फ्रान्सेस, आणि बरंच खाली एलेनॉर रिग्बी: थॉमस वुड्सची प्रिय पत्नी, वर लिहिलेल्यांची नात, १० ऑक्टोबर १९३९ रोजी निधन, वय ४४. आणि शेवटी एकच शब्द, निद्रिस्त. 'एलेनॉर रिग्बी' हेही बीटल्सचं एक गाणं. पॉल सांगतो की एलेनॉर हे नाव त्याने अभिनेत्री एलेनॉर ब्रॉनवरून घेतलं आणि रिग्बी ब्रिस्टलमधल्या एका दुकानाच्या पाटीवरून. पण तो आणि जॉन या दफनभूमीत पोरवयात फिरत असत, त्यामुळे नाव कुठेतरी मनात राहिलं असेल, हेही तो मान्य करतो. जवळच मॅकेन्झी नावाचंही थडगं आहे. गाण्यातला पाद्री आधी मॅकार्टनी होता. लोकांना तो आपला बाप वाटेल म्हणून पॉलने नाव बदललं आणि टेलिफोन डिरेक्टरीतून मॅकेन्झी उचलला.

शिळेसमोर मला जाणवलं ते वेगळंच. गाण्यातली एलेनॉर एकटी मरते आणि तिच्या अंत्यविधीला कुणी येत नाही. इथली एलेनॉर आजीआजोबांशेजारी आहे, नवऱ्याने तिला प्रिय म्हटलं आहे. ती गाण्यातली बाई नाही. तिचं नुसतं नाव त्या गाण्याला मिळालं, आणि या बाईचं स्वतःचं आयुष्य त्या गर्दीत कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटलं. गाण्यात बीटल्सपैकी कुणीही वाद्य वाजवलेलं नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो, एवढंच. एमरिकने मायक्रोफोन तारांना जवळजवळ चिकटवले होते आणि वादकांना ते मुळीच रुचलं नव्हतं. तारांवर गज घासल्याचा तो कोरडा आवाज त्यामुळेच आहे.

बीटल्स सुरुवातीला जिथे वाजवायचे तो मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लब बघून घ्यावा, पण मूळ तळघर १९७३ मध्ये बंद होऊन गेलं आणि आताचा क्लब १९८४ मध्ये जुन्या विटांतल्या बऱ्याचशा वापरून पुन्हा बांधलेला आहे. संगीत चांगलं असतं. माझं मन मात्र वुल्टनमध्येच होतं.

मर्सी नदीवरच्या फेरीबोटीत 'फेरी क्रॉस द मर्सी' वाजतं. ते लिव्हरपूलच्याच गेरी मार्सडन या गायकाचं. बीटल्सना 'हाउ डू यू डू इट?' नको होतं, ते गेरीने गायलं आणि पहिल्या क्रमांकावर नेलं. त्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्याने 'यू विल नेव्हर वॉक अलोन' गायलं. ते मूळचं १९४५ च्या 'कॅरोसेल' या अमेरिकन संगीत नाटकातलं. अ‍ॅनफील्ड या लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मैदानातल्या प्रेक्षकांनी ते उचललं आणि ते कायमचं लिव्हरपूलचं झालं. हे 'पेनी लेन'च्या अगदी उलट: तिथे शहराचं गाणं परगावी लिहिलं गेलं, इथे परदेशातलं गाणं येऊन शहराचं झालं. एप्रिल १९८९ मध्ये शेफिल्डमधल्या हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी झाली, तिच्यात लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचे जीव गेले. त्यानंतर गेरी, पॉल, गायक हॉली जॉन्सन आणि 'द ख्रिश्चन्स' हा गट यांनी मिळून 'फेरी क्रॉस द मर्सी' पुन्हा गायलं, पीडितांच्या मदतीसाठी, आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. लिव्हरपूलला गेलात तर फेरीबोटीत बसाच, आणि आधी ही गोष्ट माहीत करून घेऊन बसा.